आगाखान पॅलेसला गेलात तर महाल नका बघू, तुरुंग बघा (ठाण्याहून एका दिवसात)

पाचपाखाडीकर

आगाखान पॅलेस बघून आलेल्या कुणालाही विचारा, कसं आहे? "ठीक आहे. बाग छान आहे." यापलीकडे गाडी जात नाही. आमच्या महिला मंडळाच्या सहलीतही परतीच्या वाटेवर लोणावळा येईपर्यंत हाच सूर होता. यंदा टिटवाळा-महडवर फुली मारून पुणं ठरवलं ते मी, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. पण मला ते ठिकाण फार आवडलं, आणि का आवडलं ते गाडीतल्या गोंगाटात सांगता आलं नाही. म्हणून हा धागा.

पॅलेस म्हटलं की आपण झुंबरं आणि सिंहासन शोधत आत शिरतो. इथे तसलं काही नाही. कमानी आहेत, इमारतीला वेढा घालणारा व्हरांडा आहे, उंच छताची दालनं आहेत. दालनांत फोटो, चित्रं आणि थोड्या वापरातल्या वस्तू: भांडी, कपडे, चपला, जपमाळ. आमच्यातल्या एक वहिनी दोन दालनं फिरून म्हणाल्या, "अगं, राजा कुठे बसायचा ते तरी दाखवा." आता बसायला राजा हवा ना! इस्माइली पंथाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी १८९२ साली हा वाडा बांधला तो आसपासच्या दुष्काळात होरपळलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून. त्याचं नाव इतिहासात गेलं ते पन्नास वर्षांनी, इंग्रज सरकारने तिथे कैदी आणून ठेवले तेव्हा.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत गांधीजींना पकडलं आणि थेट इथे आणलं. बरोबर त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन. कस्तुरबांना त्याच दिवशी संध्याकाळी पकडलं, त्या शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला निघाल्या होत्या तेव्हा. डॉ. सुशीला नय्यर त्यांच्यासोबत होत्या. दोघींना आधी आर्थर रोड तुरुंगात ठेवलं, मग इथे. आणि १५ ऑगस्टला, म्हणजे आत येऊन आठवडाही झाला नव्हता, महादेवभाई हृदयविकाराने गेले. पन्नाशीचा माणूस. पंचवीस वर्षं सावलीसारखा बरोबर राहिलेला. गांधीजींनी स्वतः त्यांच्या देहाला आंघोळ घातली. अंत्यसंस्कार आवारातच झाले, कारण देह बाहेर न्यायला सरकारची तयारी नव्हती.

हे एवढं ठाऊक असलं की बागेत पाऊल टाकताना नजर बदलते. मंडळी हिरवळीवर ग्रुप फोटो काढत होती तेव्हा मी व्हरांड्याच्या पायरीपासून समाधीपर्यंत चालत गेले, मुद्दाम सावकाश. गांधीजी रोज सकाळ-संध्याकाळ एवढंच चालायचे. महादेवभाईंच्या समाधीवर फुलं ठेवायची, गीतेचा बारावा अध्याय म्हणायचा, परत यायचं. कुंपणाला काटेरी तारा, फाटकावर पहारा. बाहेर देश पेटलेला आणि हा माणूस जवळजवळ एकवीस महिने एवढ्याशा वाटेवर ये-जा करतोय. त्यातले शेवटचे अडीच महिने तिथे फुलं ठेवायला दोन समाध्या होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबाही तिथेच गेल्या.

गांधीजींच्या खोलीत आत शिरता येत नाही, दारातून बघायचं. मी तिथे बराच वेळ रेंगाळले. दारात उभं राहून मागे वळलं की व्हरांड्याच्या कमानीतून बाहेरची झाडं दिसतात. खोलीत काय मांडलंय ते सगळे बघतात. खोलीतून काय दिसायचं ते कुणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या घराची बाग ही शोभेची गोष्ट नाही. कैदेच्या हद्दीतलं सगळं जग तेवढंच होतं. आधी बाग चालून घ्या, मग आत जा. आम्ही उलट केलं आणि निम्म्या बायका आतच दमल्या.

आपल्या ठाण्या-नवी मुंबईतून अजून कोण गेलंय? आणि अशी दुसरी घरं जवळपास कुठली, तेही सांगा. घरच हवं हं, किल्ला नको, गुडघे साथ देत नाहीत.

ऐरोलीचा पक्या

ताई, शाळेच्या ट्रिपला नेलं होतं आम्हाला. आठवतंय काय, तर बसमध्ये उलटी कुणी केली आणि हिरवळीवर पकडापकडी खेळताना कुठल्या सरांनी कान पिळला. तिथे कोणी वारलंय हे आज कळतंय. सरांनी कान का पिळला तेही आजच कळलं.

कोपरीकाका

छान लिहिलंत. थोडी भर घालतो, ठाणेकरांच्या उपयोगाची.

९ ऑगस्टला बिर्ला हाऊसमधून अटक झाल्यावर सगळ्या नेत्यांना व्हीटीहून खास गाडीने नेलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून मोटारीने आगाखान पॅलेसला, आणि नेहरू, पटेल, आझाद वगैरे कार्यकारिणीला पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात. व्हीटी ते चिंचवड म्हणजे ती गाडी आपल्या ठाणे स्टेशनातूनच गेली असणार. सकाळच्या लोकलची वाट बघणाऱ्यांना पत्ताही नसेल की समोरून कोण चाललंय.

दुसरी गोष्ट उपासाची. १० फेब्रुवारी १९४३ ला याच घरात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास सुरू केला, तो ३ मार्चला सुटला. वय त्र्याहत्तर. सरकार सोडायला तयार नाही म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले: होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. शाळेच्या पुस्तकात अण्यांना दोन ओळी मिळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि तुरुंगच बघायचा तर आपल्या दारात आहे की! ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला, त्यांनी त्याचं कारागृह केलं ते आजतागायत. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला तिथेच फाशी दिलं. रोज शेजारून रिक्षाने जातो आपण. अडचण एवढीच की चालू कारागृह आहे, सहल काढता येत नाही. काढायची इच्छाही कोणी धरू नये.

दोन पिल्लांची आई (खारघर)

सहा आणि नऊ वर्षांची मुलं घेऊन जावं का? आमची धाकटी कुठल्याही संग्रहालयात पहिल्या पाच मिनिटांत "शू आली" म्हणते आणि नंतर घरी जायचं एवढंच.

पाचपाखाडीकर

@दोन पिल्लांची आई, नक्की ने. दालनात पाटी वाचून दाखवत बसू नकोस, कंटाळतील. गोष्टी सांग. कस्तुरबा कैदेत कॅरम खेळायच्या, मीराबेन वगैरे मंडळींबरोबर, आणि चांगल्या रंगात येऊन खेळायच्या. सत्तरी ओलांडलेल्या होत्या. गांधीजी त्यांना भूगोल शिकवायला बसायचे, म्हणजे या वयात नवऱ्याकडून शाळा! नऊ वर्षांच्या मुलाला भूगोलाचा अभ्यास नको असतो, त्याला ही गोष्ट बरोब्बर कळेल.

धाकटीला हिरवळीच्या बाजूला पळू दे. समाधीकडे गेल्यावर मात्र हात धरून ने. आम्ही होतो तेव्हा एक ग्रुप तिथेच मोठ्याने रील काढत होता. त्यांना कुणी काही बोललं नाही. मी बोलले. मग माझाही व्हिडिओ काढला.

ऐरोलीचा पक्या

ताई, त्या व्हिडिओची लिंक मिळेल का?

कळव्याची सिस्टर

मी तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे मी तिथे गेले तेव्हा कस्तुरबांच्या शेवटच्या आजारपणाकडेच लक्ष गेलं. जुना दमेकरी खोकला, डिसेंबर १९४३ नंतर हृदय अशक्त होत गेलं, शेवटी न्यूमोनिया. बाहेरून डॉक्टर, वैद्य बोलवायला प्रत्येक वेळी सरकारची परवानगी. वैद्य शिव शर्मा उपचाराला आले, पण रात्री आत राहायची मुभा नाही, म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीतच झोपायचे. रात्री रोग्याला त्रास झाला की आत निरोप, बाहेर निरोप, पहारेकऱ्यांची उठाठेव. गांधीजींनी त्याबद्दल सरकारला पत्रं लिहिली तेव्हा कुठे थोडी ढिलाई मिळाली. पुण्याचे निसर्गोपचारवाले डॉ. दिनशा मेहताही येत.

रोगी जिथे पडून आहे तिथून बाहेरचं किती दिसतं, याचा रोग्याच्या मनावर फार परिणाम होतो. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेसाठी भांडणं होतात हो. बा शेवटी व्हरांड्याच्या बाजूला बसायच्या-पडायच्या म्हणतात. तुमचं ते "खोलीतून काय दिसायचं" वाचलं आणि पटलं.

वसंतविहार_अदिती

सगळं हळवं हळवं चाललंय म्हणून विचारते. पेनिसिलिनचं काय? मुलाने, देवदासांनी, विमानाने मागवलं होतं आणि गांधीजींनी द्यायला नकार दिला. बायकोच्या जिवाचा निर्णय नवऱ्याने आपल्या तत्त्वावर घ्यायचा? मला त्या खोलीसमोर उभं राहून राग आला होता आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

कोपरीकाका

राग येऊ द्या, पण प्रसंग पुरता घ्या. सुया टोचाव्या लागतील हे आधी गांधीजींना ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं की आता तिचा छळ नको. डॉक्टरांनाही आशा उरली नव्हती.

कळव्याची सिस्टर

अदिती, तुझा प्रश्न रास्त आहे, उत्तर माझ्या परीने देते. १९४४ मध्ये पेनिसिलिन म्हणजे आजच्यासारखं कोपऱ्यावरच्या मेडिकलात मिळणारं औषध नव्हतं. जवळजवळ सगळा साठा लढाईवरच्या सैनिकांसाठी जायचा. ते कोलकात्याहून मिळवून आणलं यातच देवदासांची धडपड कळते. द्यायचं तर दर काही तासांनी, दिवस-रात्र, स्नायूत सुई. मूत्रपिंडं थकलेली, हृदय थकलेलं, अंगावर मांस नाही. अशा रोग्याला मी टोचलेलं आहे, आणि घरच्यांनी "बस करा आता" म्हटल्यावर थांबवलेलंही आहे. दोन्ही वेळा कोणीतरी मला चूक म्हणालंच.

निर्णय कुणी घ्यायचा हा भाग वेगळा, तिथे मी तुझ्या बाजूने आहे. रोगी शुद्धीवर असेल तर तिलाच विचारायला हवं. पण औषध दिलं असतं तर वाचल्या असत्या, असं मला वाटत नाही.

वसंतविहार_अदिती

हे असं कुणी नीट सांगितलं नव्हतं. राग पूर्ण गेला नाही, अर्ध्यावर आलाय :)

त्यांच्या अंगावर शेवटी गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी होती ना?

पाचपाखाडीकर

हो. आणि चिता विझेपर्यंत ते जवळच झाडाखाली बसून राहिले, लोकांनी खोलीत चला म्हणून विनवलं तरी हलले नाहीत. राखेत बांगड्या अखंड मिळाल्या, असं तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय. आमच्या मंडळातल्या बायकांना सगळ्या सहलीत काय लक्षात राहिलं असेल तर ते हेच. आल्यापासून लिफ्टमध्ये भेटेल त्याला बांगड्या सांगतायत.

बेलापूरचा शेजारी

उशिरा वाचला धागा. कस्तुरबांच्या समाधीची रचना चार्ल्स कोरिया यांची आहे, साठच्या दशकातली. आणि कोरिया म्हणजे नवी मुंबईच्या माणसाला परके नाहीत. १९६५ च्या सुमारास त्यांनी, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या दोघांबरोबर, खाडीपलीकडे नवं शहर वसवा हा प्रस्ताव मांडला. १९७० मध्ये ते शहर उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ झालं आणि पहिली काही वर्षं तेच मुख्य वास्तुरचनाकार होते. आमचं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज ऐंशीच्या दशकात त्यांनीच आखलं.

तिथली मेख सांगतो. सात घरं आणि त्यांच्या मधे एक छोटं सामाईक अंगण, साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. अशी तीन टोळकी मिळून आणखी मोठं अंगण. शिवाय प्रत्येक घराला स्वतःचं मोकळं आवार, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे पैसा आला की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही, इतकं की मूळ घर शोधावं लागतं. पण अंगणं बऱ्याच ठिकाणी टिकली आहेत. संध्याकाळी म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसतात, पोरं सायकली घालतात.

कोरियांचं आयुष्यभराचं म्हणणंच असं, की आपल्या हवेत उघड्या आभाळाखालची जागा हीसुद्धा खोलीच असते. साबरमतीचं गांधी संग्रहालय त्यांचंच, १९६३ चं. तिथेही बंद दालनं कमी आणि अंगणं-पडव्या जास्त. तेव्हा पाचपाखाडीकर, बागेला घराचा भाग समजून बघा हे तुम्ही जे म्हणताय, ते समाधी बांधणाऱ्याच्याही मनात असावं.

पाचपाखाडीकर

अहो, हे तर मला मुळीच माहीत नव्हतं! आर्टिस्ट व्हिलेजमध्ये माझी मावसबहीण राहते. तिच्या अंगणात पापड वाळत घातलेत मी.

बागवेडी

मी बागेसाठीच जाते कुठेही, आत नवरा जातो. जुन्या घरांच्या बागा बघताना एक करून बघा. सगळ्यात मोठं झाड कुठलं ते शोधा आणि त्याच्या बुंध्याकडून घराकडे बघा. हिरवळ, ताटवे, कुंड्या हे सगळं दर पाच-दहा वर्षांनी बदलतं. माळी बदलतो, ठेकेदार बदलतो, कुणा साहेबाला गुलाब आवडतात. मोठं झाड तेवढं जुन्या माणसांनी बघितलेलं असू शकतं. आणि दुसरं म्हणजे विहीर कुठे, पाट कुठून, हे बघायचं. पाण्याची वाट कळली की घरात कामं कुठे चालायची ते कळतं.

पुण्यातच आहात तर गंज पेठेतला महात्मा फुले वाडा चुकवू नका. तिथे बाग अशी नाही, अंगण आहे. पण त्या अंगणात विहीर आहे आणि मागच्या बाजूला जोतीरावांची समाधी. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, हे आपण परीक्षेत एका मार्काला लिहितो. तिथे उभं राहिलं की कळतं, केवढ्याशा जागेत, शेजारी-पाजारी बघत असताना हे केलं. पेठेतल्या अंगणात लपूनछपून काही होत नाही. मला आगाखान पॅलेसपेक्षा हा वाडा जास्त भावला, कारण इथे माणसं आपल्या मर्जीने राहिली होती.

ऐरोलीचा पक्या

बागवेडीताई, "आत नवरा जातो" हे वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे.

पनवेल_गावठाण

पुण्यापर्यंत कशाला जाता, आमच्याकडे या ना. पनवेलहून गोवा हायवेने कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. गावात त्यांचा वाडा आहे. नवी मुंबईतून अर्ध्या दिवसाचं काम. तुमचे गुडघे म्हणाल तर कर्नाळा किल्ला चढायची गरज नाही, हायवेवरूनच त्याचा सुळका दिसतो. नातवाने लहानपणी रोज तोच बघितला असणार, आणि आजोबांचा किल्ला आता गोऱ्यांकडे आहे हेही ऐकलं असणार.

फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरीला होते. चांगली सरकारी नोकरी. ती सोडून इंग्रजांविरुद्ध बंड केलं, १८७९ मध्ये पकडले गेले, एडनला धाडलं. तिथे तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले, पुन्हा पकडले, मग अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. ज्या माणसाचा शेवट एडनला झाला त्याचं बालपण आपल्या कोकणी मातीच्या घरात, हे डोळ्यांनी बघून यावं.

जवळच उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, अक्कादेवीचा माळ. गोळीबारात आमच्या आगरी-कोळी-आदिवासी गावांतली माणसं गेली. घर-संग्रहालय नाही ते, पण एवढ्या लांब आलात तर तिथे दोन मिनिटं थांबा. आमच्याकडची माणसं पुस्तकात सापडत नाहीत, सापडतात ती हुतात्मा स्मारकाच्या दगडावर.

पाचपाखाडीकर

@पनवेल_गावठाण, शिरढोण ठरलं. पावसाळा संपला की. मला खरंच अशी जवळची जागा हवी होती.

चरईचा जुना

एक कुरकूर करून घेतो. ठाण्यात असं एक घर का नसावं? माझ्या लहानपणी नौपाड्यात, चरईत, पाचपाखाडीत बंगले होते. पुढे ओटा, बाजूला विहीर, मागे आंबा-फणस, दारात पारिजातक. मुंबईचे लोक हवापालटाला यायचे आपल्याकडे, आज सांगितलं तर हसतील. आता त्याच प्लॉटवर टॉवर, आणि टॉवरला नाव त्याच जुन्या बंगल्याचं किंवा आजीचं.

राखलं तर काय राखता येतं, याचं उदाहरण गावातच आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ पासून चालू आहे. पुस्तकं जपली, घरं नाही जपली. घर जपणं महाग पडतं हेही मान्य. आमचा बंगला आम्हीच दिला पुनर्विकासाला. चार भावांत वाटणी, कौलं गळतात, वरच्या मजल्याचं लाकूड वाळवीने खाल्लेलं, महापालिकेचा कर. भावनेवर छप्पर शाकारता येत नाही.

वसंतविहार_अदिती

काका, आणि जपलेली घरं तरी धड कुठे बघायला मिळतात? कोकणात एका थोर माणसाच्या जन्मघरी गेलो, नाव घेत नाही, तर दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते लग्नाला गेलेले. खिडकीतून बघितलं. आत एक तसबीर, तिला प्लास्टिकचा हार, आणि बाजूला निवडणुकीची रिकामी खोकी रचलेली.

चरईचा जुना

लग्नाला गेलेले! हे मात्र पुरतं आपल्याकडचं झालं.

मुलुंड_चेकनाका

नाक्याच्या अलीकडे राहतो, म्हणून ठाणेकरच धरा. ज्यांना पुणं जमत नाही त्यांच्यासाठी मुंबईतली दोन घरं. एक, गावदेवीचं मणिभवन. रेवाशंकर जगजीवन झवेरींचं घर. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे गच्चीवरच्या तंबूतून त्यांना पकडून नेलं. बाग नाही, पण ती गच्ची बघा. आगाखान पॅलेसच्या आधी मणिभवन बघितलं तर फरक कळतो: इथे माणसांची रीघ, सभा, पत्रकं, गर्दी, आणि तिथे एकदम शुकशुकाट.

दुसरं, दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. बाबासाहेबांनी तीसच्या दशकात बांधून घेतलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. पुस्तकं ठेवायला घर बांधणारा माणूस आपल्या देशात दुसरा सांगा. आजही कुटुंबाचं घर आहे ते, खालच्या मजल्यावर वस्तू बघता येतात. तिथे जाताना कुणाच्या घरी चाललोय हे भान ठेवून जायचं, एवढंच. ६ डिसेंबरच्या आसपास प्रचंड गर्दी असते, निवांत बघायचं तर एरवी जा.

दोन्ही ठिकाणी स्लो लोकलने दादरला उतरलं की पुढचं सोपं आहे.

दोन पिल्लांची आई (खारघर)

ठरलं आमचं, आधी आगाखान पॅलेस. पण गाडी घेऊन एक्सप्रेसवेने जायची हिंमत नाही, सुट्टीच्या दिवशी घाटात जे अडकतो ते दुपारच्या चहापर्यंत. ट्रेनने कसं करायचं?

पाचपाखाडीकर

आम्ही मिनीबस केली होती, त्यामुळे ट्रेनचं कोपरीकाका सांगतील.

कोपरीकाका

सकाळची इंद्रायणी ठाण्याला थांबते, ती धरा. खारघरहून पहाटे ठाणं गाठायचं म्हणजे मुलांना लवकर उठवावं लागेल. आरक्षण आधी करा, जनरलमध्ये दोन मुलं घेऊन चढू नका. पुणे स्टेशनला उतरलात की तिथूनच मेट्रो, रामवाडीच्या दिशेने. कल्याणीनगरला उतरा आणि रिक्षा करा, अंतर थोडंच आहे. मुलांना मेट्रोच जास्त आवडेल, ते मनाला लावून घेऊ नका.

बागवेडी

सकाळी पोचताय तर आधी बाग, ऊन चढायच्या आत. दुपारी आत व्हरांड्यात गारवा असतो.

ऐरोलीचा पक्या

मीपण येतो बायकोला घेऊन. शाळेतलं राहिलेलं बघून घेतो. जेवणाचं काय करायचं तिथे?

पाचपाखाडीकर

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बंद होतं, तेव्हा जेवण बाहेर निवांत करायच्या भानगडीत पडू नका, परत येऊन काही बघून होत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, बाहेर गाडीपाशीच खाऊन घेतली. आत खादीचं दुकान आहे, बायकोला घेऊन जातोयस तर खिशात थोडे जास्त पैसे ठेव. आणि पक्या, पकडापकडी खेळलास तर यावेळी कान मी पिळेन.